कमरेला खोचलेला रुमाल

वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टर म्हणत, सिस्टर म्हणत, तिच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेले कोपऱ्यातल्या खाटेवरचे घड्याळवाले आजोबाही मावशीच म्हणत. खऱ्या नात्याने मावशी म्हणणारा एकच होता, बहिणीचा मुलगा. बहीण गेली, तसा तोही यायचा थांबला. नवरा तर त्याआधीच गेलेला. पण रडगाणं गायला मावशीला वेळ कुठे होता! चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, कुणाला भरवायचं, कुणावर खेकसायचं. तोंडाने फटकळ, पण जाता येता कुणाच्या तरी कपाळावर हात ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

घड्याळवाल्या आजोबांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, जखम मात्र भरेना. जन्मभर लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करणारा माणूस आता खाटेला खिळला होता. भेटायला कुणी येत नसे. "मुलगा कामात असतो," हे ते कुणी न विचारताच सांगत. मावशी त्यांचं तोंड पुसायची, पाठ चोळून द्यायची आणि म्हणायची, "चला, किल्ली दिली तुम्हाला. आता संध्याकाळपर्यंत बघायला नको."

"स्प्रिंग जुनी आहे, मावशी. जपून," आजोबा म्हणायचे.

मग वॉर्डात तो जंतू निघाला, नेहमीच्या औषधांना मुळीच दाद न देणारा. आधी आजोबांच्या जखमेत, मग आणखी दोघांच्या. आजोबांना टोकाच्या खोलीत एकटं हलवलं. दारावर पाटी लागली. आत जायचं तर गाऊन, मास्क, हातमोजे. जंतू कुठून पसरतो ते शोधायला एक हळू बोलणाऱ्या सिस्टर आल्या आणि बेसिनपाशी नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

मावशी बिनधास्त होती. हात धुवावेत तर तिनेच. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं घासून घासून. मग तिने कमरेला खोचलेला रुमाल काढला आणि हात पुसले.

"मावशी, भिंतीवर कागद आहे ना पुसायला?"

"तो मेला खरखरीत. त्याने माझे हात उलतात, मग पेशंटला टोचतात. हा कसा मऊ आहे. रोज घरी धुते हो मी!"

"याच रुमालाने पेशंटची तोंडंही पुसता?"

मावशीचा चेहरा उतरला. सकाळपासून तिने अर्धा वॉर्ड त्याच रुमालाने पुसला होता.

रुमालावर तो जंतू सापडला. तिच्या नाकातही सापडला. तिला स्वतःला काहीच होत नव्हतं, साधी शिंकही नाही. नाकात लावायला मलम मिळालं आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. "तुमच्याकडून आजोबांना गेला की त्यांच्याकडून तुम्हाला आला, हे सांगता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

घर खायला उठलं. शेजारीण दारातूनच "बरं आहे ना?" विचारायची आणि उत्तराच्या आधी वळायची. मावशी भिंतीला टेकून आपल्याच हातांकडे बघत बसे. आजोबा गेले तर? त्याआधी त्यांना सांगायला हवं होतं, आणि तेही आपल्याच तोंडाने.

तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. कामावर परतताच तिने टोकाची खोली मागून घेतली. कुणी हरकत घेतली नाही, तिथली पाळी सगळे टाळतच होते. तिने हात धुतले, खरखरीत कागदाने पुसले आणि सगळा जामानिमा चढवून आत गेली.

आजोबा निम्मे झाले होते. "सिस्टर, पाणी," ते म्हणाले. दोन घोट घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "ती मावशी नोकरी सोडून गेली का हो? कंटाळली असेल मला."

"मीच आहे, आजोबा."

"अगं, कुठे होतीस?"

तिने रुमालाचं सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. "बहुतेक माझ्याच हाताने लागलं हो तुम्हाला," म्हणताना तिला रडू आवरेना.

आजोबांनी नजर छताकडे वळवली.

"डॉक्टर दारातूनच बोलतात," ते म्हणाले. "ड्रेसिंग चिमट्याने करतात. मुलगा फोन करतो, तोही हॉस्पिटलच्या ऑफिसात. मला हात लावणारी तू एकटीच होतीस, मावशी. दुसऱ्या कुणाकडून येणार होतं?"

मावशीने हातमोज्यातला हात त्यांच्या कपाळावर ठेवला. रबर गार होतं, आजोबा जरा शहारले. तिने हात उचलायला घेतला, तर त्यांनी डोळे मिटूनच म्हटलं, "राहू दे. होईल गरम."