बोटीचा वेग आणि माझी सही

आई विड्या वळायची. भंडाऱ्याला आमच्या वस्तीत बहुतेक घरांत हेच चालायचं. त्यामुळे घरातल्या सगळ्यालाच तंबाखूचा वास, पांघरुणाला, भाताला, माझ्या वह्यांना. शाळेत मास्तरांनी एकदा वही नाकाशी धरून विचारलं, "घरी कोण ओढतं रे एवढं?" कोणीच ओढत नव्हतं. वडील लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, ओझी उचलायचे. पावसाळ्यात टाल बंद पडली की दुपारी कण्या, आणि संध्याकाळी त्याच कण्या पाणी घालून पातळ केलेल्या. अशा घरातून मी नागपूरला जाऊन इंजिनिअर झालो. शिष्यवृत्ती होती, वसतिगृह होतं, बाकी डोकं माझं होतं. आमच्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे सांगताना मी नम्रतेचं सोंग आणत नाही.

बाजार नुकताच खुला झाला होता. दिल्लीच्या कडेला शेतं मोडून नोएडाचे सेक्टर उभे राहत होते, आणि तिथल्या एका कारखान्यात मला नोकरी लागली. कारखाना आधी फायबरच्या पाण्याच्या टाक्या करायचा. परदेशी इंजिनं मिळायला लागल्यावर मालकाला सुचलं की टाकी उभी कापली तर बोट होते. आम्ही हसायचो, पण खरंच तेवढ्यावर त्याने बोटी काढल्या. पंधरा फुटी, मागे इंजिन लावलेल्या, पुरात माणसं काढायला. मी एक वर्षाच्या प्रोबेशनवर होतो. कायम झालो की आई-वडिलांना इकडे आणायचं, एवढंच माझं ठरलेलं होतं.

दिल्लीत माझं कोणी नव्हतं. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे, तिथे रविवारी मराठी जेवण मिळायचं. तिथेच आमच्या कारखान्यातले वरिष्ठ मला पहिल्यांदा मोकळेपणाने भेटले. पुण्याचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. "सर काय म्हणतोस? इथे आपण मराठी माणसं चार. दादा म्हण." मी दादा म्हणायला लागलो. मग मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटवर माझा रविवार ठरून गेला. वहिनी थालीपीठ वाढायच्या. त्यांची मुलगी दिल्लीतच वाढलेली, ती मला विचारायची, "काका, भोवरा मतलब?" मी ताटात आमटी फिरवून दाखवायचो.

एका राज्याच्या पूर खात्याला आमच्या बोटी हव्या होत्या. अट एकच होती. माणसं बसवून ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर वेग हवा, आणि तो कसा मोजला ते लिहून द्यायचं. दादांनी काम माझ्याकडे दिलं. "मोजायची पद्धत तू निवड, चाचणी तू घे, सही तुझी. यावरच तुझं कन्फर्मेशन काढतो."

मी करोल बागेत गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानात गेलो. बोटीला मीटर मिळेल का विचारलं. दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "भाईसाब, नाव में मीटर? चालान कौन काटेगा, मछली?"

शेवटी परदेशी इंजिनवाल्याने दोन नमुने दिले. एक बोटीच्या तळाला लावायचं छोटं चाक. पाण्याने ते फिरतं आणि काटा हलतो. यमुनेत ते दहा मिनिटं फिरलं, मग त्यात पॉलिथिन आणि झेंडूची माळ अडकली. दुसरी बारीक नळी, तिच्या तोंडावर पाण्याचा दाब बसतो आणि डायल वेग दाखवते. ती गाळाने बुजली. काटा शून्यावर आणि बोट भरधाव. जुन्या खलाशांसारखं पुढून लाकडाचा तुकडा टाकून तो मागे जायला किती वेळ लागतो तेही पाहिलं. बोट एवढी आखूड, की घड्याळ दाबेपर्यंत तुकडा मागे गेलेला.

मग मी काठावर टेपने दोनशे मीटर मोजले. दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवले, एकामागे एक. बोटीतून ते एका रेषेत दिसले की स्टॉपवॉच दाबायचं. पावसाळा नुकताच सरला होता, बंधाऱ्याची दारं उघडी होती, नदीला ओढ होती. म्हणून प्रत्येक फेरी दोन वेळा, एकदा धारेबरोबर, एकदा धारेविरुद्ध. दोन्ही वेग काढून मग त्यांची सरासरी. नदीने जे दिलं ते नदीला परत, उरतं ते बोटीचं. धारेबरोबर सव्वीस आले, उलट वीस. बोट तेवीसची होती.

रविवारी दादांना सांगितलं. ते थालीपीठ मोडत म्हणाले, "तेवीस? यार, दोन किलोमीटरनं काय बुडतंय कोण?"

"दादा, पूर म्हणजे धारेविरुद्धच जायचं ना."

"बिल्कुल. बरोबर आहे तुझं. लिही तसं." मग वहिनींना म्हणाले, "बघ, याला म्हणतात इंजिनिअर."

मला केवढं बरं वाटलं होतं. मी तीन पानं लिहिली. पहिल्या दोन पानांवर पद्धत आणि सगळ्या फेऱ्या, तिसऱ्यावर निष्कर्षाचं एक वाक्य: सदर बोटीचा वेग वरीलप्रमाणे आढळला. खाली माझी सही. टाइप झालेले कागद दादांच्या हातात दिले. जपून ठेवायला फेऱ्यांची वहीही त्यांच्याकडेच दिली.

महिन्याभराने पूर खात्याचे इंजिनिअर स्वतः बोट बघायला नदीवर आले. पांढऱ्या दाढीचे सरदारजी, हातात आमचे कागद. बोटीत बसल्याबरोबर म्हणाले, "ऊपर की तरफ चलाओ जी." बोट धारेविरुद्ध निघाली. सरदारजींनी आमच्याच बांबूंवर घड्याळ लावलं, मग कागद माझ्यासमोर धरला. "बेटा, छब्बीस लिखा है. ये तो बीस भी मुश्किल से है. साइन तुम्हारा है?"

सही माझी होती. तिसरं पान माझंच होतं. पहिली दोन नवी टाइप केलेली होती. त्यांत फक्त धारेबरोबरच्या फेऱ्या होत्या, उलट्या एकही नाही.

मी दादांकडे पाहिलं. ते पुलावरून जाणारी मालगाडी बघत होते. मग हिंदीत, मला अगदी परकं करून, बोलले, "सर, टेस्ट तो पूरा इसी ने किया है. नया लड़का है. मैंने तो भरोसा किया."

भरोसा. त्या शब्दावर मी आजही अडतो. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. पण ज्याच्या घरी मी आमटीचा भोवरा करून दाखवला, त्याने कागद बदलताना माझी सही तेवढी जपून ठेवली होती. ती त्याला उपयोगाची होती, मी नव्हतो.

मी सरदारजींना म्हणालो, "सर, दोनों तरफ चलाते हैं. अभी. घड़ी आप पकड़िए." त्यांनी घड्याळ पुन्हा हातात घेतलं. सहा फेऱ्या झाल्या. दादा काठावर उतरून गाडीत जाऊन बसले. सरासरी तेवीस आली. मी तिथेच बोटीच्या फळीवर कागद ठेवून सगळं हाताने लिहिलं, उलट्या फेऱ्यांसकट, आणि प्रत्येक पानावर सही केली. सरदारजींनी शेजारी आपली केली. "पच्चीस नहीं है, तो नहीं लूँगा," ते म्हणाले. "पर लिखा ठीक है."

ऑर्डर हातची गेली. आठवड्यात मला पत्र मिळालं, काम समाधानकारक नसल्यामुळे सेवा संपवण्यात येत आहे. पत्रावर दादांची सही होती. दादा तिथेच राहिले, पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले असं ऐकलं. वहिनींचा एकदा फोन आला होता, "रागावू नकोस रे, त्यांच्यावर वरून दबाव होता." मी म्हटलं, "असेल, वहिनी." आणि रिसीव्हर ठेवला. मयूर विहारला पुन्हा गेलो नाही. रस्त्यात कोणी मराठी बोलताना ऐकू आलं तर बरीच वर्षं मी चाल वाढवायचो.

त्यानंतर आठ महिने मी पंपांच्या एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर काम केलं आणि दुपारच्या सुट्टीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. जहाजं आणि बोटींच्या तपासणीच्या सरकारी जागेसाठी माझी निवड झाली. दोन वर्षांनी मी तिथे कायम झालो आणि आई-वडील माझ्याकडे दिल्लीला राहायला आले.