गिरणीची घरघर
गरम पिठाचा वास आला की कडेगावची गिरणी आठवते. चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. माझ्या कानात आधीपासूनच बारीक शिट्टी वाजायची. चुलतभावाच्या वरातीत स्पीकरपुढं नाचलो आणि ती इतकी वाढली की रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी दळण घेऊन गेलो, तर गिरणीच्या घरघरीत शिट्टी ऐकूच येईना. पीठ झालं तरी मी बसूनच. "का रं, जायाचं न्हाई?" गिरणीवाले चाचा ओरडले. मी कानाचं सांगितलं. "माझ्याबी कानात हाय ती. गिरणी थांबली की वाजाय लागती." बटणाकडं गेलेला हात त्यांनी मागं घेतला आणि घरची ज्वारी गिरणीत ओतली. आता थंडीतही मी पंखा लावून झोपतो. बायको दोन रजया घेते, पण बटणाला हात लावत नाही.