डोरीनताईंच्या आईची वेणी

फोन आला तेव्हा मी सलूनमध्ये एका बाईच्या केसांना रंग लावत होते. स्क्रीनवर ‘रूथ’ असं नाव दिसलं. रूथ म्हणजे डोरीनताईंची एकुलती एक मुलगी. ती मला कधी फोन करायची नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की ताईंनी हिला सगळं सांगितलेलं दिसतंय आणि आता ही मला जाब विचारणार. हातात मोजे आहेत या सबबीवर मी तो वाजू दिला. पुन्हा वाजला, मी बेसिनपाशी जाऊन उगीचच ब्रश धूत राहिले... शेवटी आमच्या मालकीण आंटी पेंग यांनीच उचलला. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “युवर ताई, पास्ड अवे आलरेडी.” डोरीनताई त्या पहाटे झोपेतच गेल्या होत्या. आणि मला, लिहायलाही लाज वाटते, मला आधी हायसं वाटलं. क्षणभरच असेल. पण वाटलं. पाच आठवडे झाले, रडून झालं, तरी तो क्षण माझ्यातून जात नाही.

मी वाईजवळच्या एका खेड्यातली. आई गेली तेव्हा मी नववीत होते, धाकट्या दोघी बहिणी होत्या, वडिलांनी शाळेतून काढलं ते कायमचंच. त्या दोघींच्या वेण्या घालता घालता हात बसला, पुढे साताऱ्यात सहा महिन्यांचा ब्युटीपार्लरचा कोर्स केला, आणि लग्न होऊन इथे सिंगापुरात आले. आमचे हे अकाउंटंट. यांनी पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळवला, बेडोकला फ्लॅट घेतला, मला मशीनमधून पैसे काढायला आणि एमआरटीच्या गाड्या बदलायला शिकवलं. तरी माझी भीती काही गेली नाही. फॉर्म दिसला की घाम फुटतो. कुणी इंग्रजीत भरभर बोललं की मी हसून मान डोलावते. आंटी पेंगनी मला कामावर घेतलं तेव्हा महिनाभर मला वाटत होतं, की यांची काहीतरी चूक झालीय आणि ती कळली की या मला परत पाठवतील.

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी डोरीनताई सलूनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, काळ्याभोर, पन्नाशीच्या पुढच्या, डोक्याला पिवळा रुमाल. त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या, नवरा इथेच वारला, आणि मग त्या इथेच शाळेत शिकवत राहिल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, की माझे केस करायला जमेल असं कुणी आहे का, कारण तीन सलूननी मला परत पाठवलंय. आंटी पेंगना गिऱ्हाईक परत पाठवणं जन्मात जमलं नाही. मला न विचारताच त्या म्हणाल्या, “कॅन, कॅन. शुभा कॅन लाह.” मी तसले केस आयुष्यात हातात धरले नव्हते. रुमाल सुटला आणि मी कंगवा उचलून पुन्हा खाली ठेवला. ताईंनी ते आरशात बघितलं. म्हणाल्या, तुला येत नाही ना? मी खरं सांगितलं, नाही येत. त्यावर त्या हसल्या. बाकीच्या तिघींनी येत नाही असं न सांगता आज वेळ नाही असं सांगितलं होतं म्हणे. “सोमवारी घरी ये,” म्हणाल्या, “मी शिकवते.”

सोमवारी आमचं सलून बंद असतं. दोन ब्लॉक पलीकडे त्यांचं घर. त्या स्टुलावर बसायच्या, मागेपुढे आरसे लावायच्या, आणि मी शेपटीच्या कंगव्याने भांग पाडून टाळूला चिकटून बारीक वेण्या विणायची. यांना तुम्ही कॉर्नरो म्हणून फोटोत बघितलं असेल. आपली तीन पेडांची वेणी खाली लोंबते, ही डोक्यावरून शेतातल्या सरीसारखी चालत जाते, दर वळणाला मुळातून थोडी थोडी बट आत घ्यायची. आधी मी भीतीपायी इतकं आवळायची, की त्या ओरडायच्या, अगं माझं डोकं आहे, गाठोडं नव्हे. त्यांना मी ताई म्हणायला लागले ते तिथेच. मोठ्या बहिणीला म्हणतात असं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, मग धाकटीने मोठीचं ऐकायचं असतं का? मी हो म्हटलं. “मग हा शब्द ठेव,” म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी त्यांनी मला त्यांच्या आईची वेणी शिकवली. डाव्या कानशिलापासून चार ओळी वळसा घेत मागे जातात आणि पाचवी मानेच्या वर त्यांना आडवी कापून जाते. ही कुठल्या पुस्तकातली नाही, गावातही दुसरं कुणी घालत नसे. ताई घरातून शिकायला बाहेर पडणारी पहिली मुलगी. त्या सकाळी त्यांच्या आईने ही नक्षी त्यांच्या डोक्यावर घातली, आणि मग घरातून जी जी मुलगी बाहेर पडली तिच्या डोक्यावर घातली. रूथच्या डोक्यावर मात्र नाही. रूथने शाळेत असतानाच केस सरळ करून घेतले होते, मुलं येऊन जाऊन तिच्या डोक्याला हात लावायची म्हणून. पुढे नोकरीला लागल्यावर एकदाच, आईच्या हौसेखातर, साध्या बारीक वेण्या घालून ती ऑफिसात गेली, तर साहेबाने केबिनमध्ये बोलावून केस जरा नीटनेटके ठेवायला सांगितलं. हे सगळं ताईंनी मला सांगितलं होतं. आणि मला ते समजलं होतं. इंग्रजी कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

एकदा आम्ही दोघी लिटल इंडियात गेलो होतो. एका दुकानात त्यांनी काळ्या मण्यांची दुपदरी पोत उचलली, गळ्याला लावून बघितली, सुंदर दिसत होती. मी म्हटलं, घ्या ना ताई. पण त्यांनी विचारलं, हे कोण घालतं? कधी घालतं? मी आपलं सांगितलं, की लग्न झालेल्या बायका, नवरा आहे तोवर. त्यांनी ती पोत हलकेच ट्रेमध्ये परत ठेवली, आणि शेजारची लाल खड्यांची माळ घेतली. मला तेव्हा वाटलं, केवढा विचार करते ही बाई, फॅशन म्हणून घातली असती तर कोण विचारणार होतं...

दीड वर्षापूर्वी केतकीने मला बोलावलं. केतकी आमच्या इथल्या मराठी मंडळातली, शिकलेली, हुशार, स्वतःचे कपडे डिझाइन करते. एका हॉटेलात तिचा फॅशन शो होता. माझ्या मोबाइलमध्ये ताईंच्या डोक्याचे फोटो तिने बघितले आणि म्हणाली, “शुभांगीताई, तुम्ही आर्टिस्ट आहात.” मला असं कुणी म्हटलं नव्हतं. सात मुलींच्या डोक्यावर मी वेण्या घातल्या. सगळ्यात पुढे चालणाऱ्या मुलीच्या डोक्यावर घातली ती ताईंच्या आईची. केतकीला ती बघून आपल्याकडची डोंगरउतारावरची शेतं आठवली. म्हणाली, याला सह्याद्री वेणी म्हणू या, कुठे शिकलात हो? मला वाटलं, परक्या बाईचं नाव घेतलं तर उगाच भानगड व्हायची, परवानगी कुणाची, कागद कुठला... मी हसून मान डोलावली. तिने त्यातून हवं ते घेतलं. शोच्या कार्डावर छापून आलं, की सह्याद्री वेणी, कलाकार शुभांगी यांच्या गावची पारंपरिक कला. माझं नाव त्याआधी छापलेलं मी एकदाच बघितलं होतं, लग्नपत्रिकेवर. लोकांनी त्या वेणीला टाळ्या वाजवल्या. मी पडद्यामागे उभी राहून ऐकल्या.

आणि पुढच्या सोमवारी मी ते कार्ड घेऊन ताईंकडे गेले. स्वतःहून. दाखवायला. मला खरंच वाटत होतं, की त्यांना अभिमान वाटेल.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. मग विचारलं, “तुझं गाव कुठलं, शुभा?” मी सांगितलं. “तिथे माझी आई कधी आली होती?”

मी म्हणाले असेन, की कौतुक म्हणूनच केलं ताई, सगळ्यांना फार आवडली. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “आवडली, ते मला दिसतंय. माझ्या मुलीला अशाच वेण्यांसाठी नीटनेटकी राहा म्हणून सांगितलं. त्या पोरीला टाळ्या मिळाल्या. आणि माझ्या आईचं नाव कुठे आहे?” मग त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि एवढंच सांगितलं, की हे दुरुस्त करून घे. माफी मागू नकोस, दुरुस्त कर.

मी नाही केलं. केतकीला लिहायला मोबाइल कितीदा हातात घेतला. ती रागावेल, मंडळात बोभाटा होईल, यांना ऐकून घ्यावं लागेल, सगळे म्हणतील अडाणी बाईला पुढे आणलं तर बघा... लिहिलं आणि पुसलं. ताई महिनाभर आल्या नाहीत. मग एक दिवस सलूनमध्ये आल्या, खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, साध्या ओळी, सरळ मागे. पुढे वर्षभर तेवढंच. बोलायच्या, हसायच्या, यांच्या तब्येतीची चौकशी करायच्या. पण आईची वेणी त्यांनी माझ्याकडून पुन्हा कधी घालून घेतली नाही, आणि कार्डाचं काय झालं हेही विचारलं नाही. दर वेळी त्या खुर्चीत बसल्या की मला वाटायचं, आज विचारतील.

त्या गेल्या त्याच दिवशी दुपारी रूथने निरोप धाडला, की फ्यूनरल पार्लरला ये, मम्माचे केस तूच कर. हे म्हणाले, जमेल का तुला? आई गेली तेव्हा तिचे केस विंचर म्हणून बायकांनी मला पुढे ढकललं होतं आणि मी पळून गोठ्यात लपले होते, हे यांना ठाऊक आहे. मी गेले. खोली इतकी गार, की दात वाजत होते. ताईंचे केस धुऊन मोकळे सोडले होते, पांढरे किती झाले होते ते तेव्हा कळलं. रूथ म्हणाली, “आजीची वेणी घाल, आंटी. मला ती येत नाही.”

तिला काहीच माहीत नव्हतं. ताईंनी घरात एक शब्द सांगितला नव्हता. मी गप्प राहून कंगवा उचलला असता तर कुणाला कधी कळलं नसतं, आणि माझ्या हाताने ती छान झाली असती. मी म्हटलं, आधी मला काहीतरी सांगायचंय, आणि माझ्या तुटक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. शो, टाळ्या, सह्याद्री, छापलेलं नाव. दुरुस्त कर म्हणाल्या होत्या, ते मी केलं नाही, हेही.

रूथने कंगवा माझ्यापासून दूर सरकवला. मग म्हणाली, “बाहेर थांब.”

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मी टेकले. घरी जावं की थांबावं कळेना. जावं तर पळून गेल्यासारखं, थांबावं तर कुठल्या तोंडाने... अर्धा तास झाला असेल. दार उघडलं. रूथचे डोळे सुजले होते, बाह्या दुमडलेल्या. म्हणाली, “तू केसांना हात लावायचा नाहीस. मला फक्त सांग.”

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि हात मागे बांधले. डाव्या कानशिलापासून, म्हटलं. भांग आधी. वळसा आत्ताच नको, कानाच्या मागे गेल्यावर. आता मुळातून थोडी बट घे. तिच्या बोटांना सवय नव्हती, पहिली ओळ दोनदा उसवली. मला वाटत होतं, पुढे व्हावं आणि धरून द्यावं, नुसतं बोट लावावं. नाही झाले. चार ओळी झाल्या. पाचव्या, आडव्या ओळीपाशी तिने विचारलं, ही कुणाच्या वरून जाते आणि कुणाच्या खालून? मी सांगितलं. त्या खोलीत आता ते फक्त मलाच माहीत होतं, आणि सांगून झाल्यावर दोघींना माहीत झालं. तिने शेवटची गाठ मारली, आईच्या कपाळावरून हात फिरवला, आणि मला म्हणाली, “जा आता.”

त्या संध्याकाळी मी केतकीला लिहिलं आणि पाठवलं. तिचं उत्तर आलं, की एवढं काय त्यात, आपण कौतुकच तर केलं. कार्डं तर वाटून संपली आहेत. म्हणून ही दुरुस्ती मी इथे करते आहे, ही पुरवणी मंडळातल्या घराघरांत जाते. सह्याद्री वेणी नावाची कुठलीही कला आमच्या गावात नव्हती. ती डोरीनताईंच्या आईची वेणी आहे. मला ती दाखवली होती, दिली नव्हती.

ताईंकडे शिकायला बसायचं तर बांगड्या काढून ठेवाव्या लागत, केस अडकतात म्हणून. सवाष्णीने मोकळे हात ठेवायचे म्हणून आधी मी घाबरायची, मग सवय झाली. त्या कार्डानंतर त्यांच्या घरचे सोमवार बंद झाले, तरी अजून सोमवारी दहाच्या सुमाराला माझ्याकडून बांगड्या काढल्या जातात. मग आठवतं, की जायचं कुठेच नाही. परवाच्या सोमवारी तशीच बसले होते तर रूथचा फोटो आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. तिचं स्वतःचं डोकं, मागून, दोन आरसे लावून काढलेलं. तिने केस कापून टाकलेत, सरळ केलेला भाग सगळा गेलाय, आणि जे उरलेत त्यांची चार ओळींची आणि पाचव्या आडव्या ओळीची वेणी घातलीय. बाजूला खुर्चीवर ऑफिसची बॅग दिसत होती. खाली विचारलं होतं, बरोबर आहे का?

आडवी ओळ जरा तिरकी होती. मी लिहिलं, बरोबर आहे. मग दिवसभर फोन समोर ठेवून बसले. आज ऑफिसात तिला कुणी केबिनमध्ये बोलावलं असेल का, काय म्हणाले असतील, ती काय म्हणाली असेल... संध्याकाळी हे घरी आले, त्यांना टेबलावर बांगड्या दिसल्या. मी त्या अजून घातल्या नव्हत्या.