कोरडे हात

माझा भाऊ एका सोमवारी दुपारी कुरकुंभच्या कारखान्यात वारला. तिथे बॅटरीत वापरायचे लिथियमचे मीठ तयार होते. सांडलेल्या मिठावर त्याने स्वतःहून पाणी मारले, असे चौकशीच्या अहवालात लिहिले होते. तो अहवाल बदलून घेण्यासाठी मी निमोण्याहून कुरकुंभला खेपा घालत होते.

परतीच्या दौंड बसमध्ये एक कामगार नेहमी दिसे. दांडी धरण्याआधी तो रुमालाने तळहात पुसायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. एकदा तो शेजारी बसला, तेव्हा मी कारण विचारले.

"आमचं मीठ लई वंगाळ, ताई. फॉस्फरस आन् फ्लोरिनच्या वायूपासून करत्यात. त्याच्याबिगर गाडीची बॅटरी चालत न्हाई, पण घामाचा ओलावा लागला तरी ॲसिड व्हतं, पाणी मारलं तर इखारी वायू सुटतो. हाडापत्तूर जातं."

"हे आधी सांगत नाहीत?"

"बोर्ड हाय की, इंग्रजीत. मी आधी रंगाच्या कंपनीत व्हतो. तिथं कायबी सांडलं की पाणी मारायचं. त्याच सवयीनं मीच एकाला म्हणलो, पाइप लाव. बिचारा मला मामा म्हणायचा."

मी भावाचे नाव सांगितले. त्याने 'तोच' अशी मान हलवली आणि रुमालाची घडी घातली. त्याच्या हातांवर एकही डाग नव्हता.

"हे लिहून द्याल का, मामा?"

"नोकरी जाईल, ताई. दोन पोरी शिकत्यात. आन् गेलेला मानूस काय माघारी येतोय व्हय?"

तो दौंडच्या आधीच उतरला. नंतर त्या बसला तो कधी दिसला नाही. अहवालात अजून माझ्या भावाचीच चूक आहे.