स्नेहाचं एएमसी

“प्रोजेक्ट संपला की पोस्ट संपते. यात नवीन काय आहे?” डायरेक्टर म्हणाले. नवीन काहीच नव्हतं. पण या वेळी जाणार होती ती स्नेहा.

मी पनवेलमधल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. भरतीला खाडीचं पाणी किती चढेल, कांदळवनात गाळ किती साचेल, मासळी कुठे सरकेल, हे आमच्याकडच्या तीन लॅब एकाच प्रोग्रामवर काढतात. तो स्नेहाने लिहिला आणि तीच चालता ठेवते. अशा माणसाला रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणतात. प्रोजेक्टच्या पैशात यंत्रांना, केमिकल्सना, प्रवासाला जागा असते. या माणसाला नसते.

स्नेहाने नुकताच करंजाडेला फ्लॅट घेतला होता. ऐरोलीच्या एका कंपनीने तिला ऑफर दिली होती, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मी तिला थांब म्हणालो.

“सर, मला इथलं काम आवडतं म्हणून बँक थांबणार नाही ना,” ती म्हणाली. चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तिन्ही लॅबच्या प्रमुखांना भेटलो. आपापल्या प्रोजेक्टमधून थोडा थोडा वाटा द्यायला ते तयार झाले. अकाउंट्सच्या कुलकर्णी मॅडमनी मात्र नन्नाचा पाढा लावला. एका माणसाचा पगार तीन प्रोजेक्टमधून काढता येत नाही, नियम आहे. मग तिन्ही लॅबच्या सामायिक डीप फ्रीझरचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, कसं चालतं, असं मी वैतागून विचारलं. ते यंत्र आहे, त्या म्हणाल्या.

“सॉफ्टवेअरसुद्धा आपल्या रेकॉर्डला यंत्रांतच आहे, मॅडम.”

त्यांनी चष्मा काढला. कॉम्प्युटरवर पाहिलं. खरंच होतं.

“मग त्याचंही एएमसी करा. तीन कोटेशन आणा,” त्या म्हणाल्या.

कोटेशन देणार कोण? तो प्रोग्राम उघडून ज्याला समजेल असा स्नेहाशिवाय दुसरा माणूसच नव्हता. अशा वेळी ‘हे काम दुसरं कोणीही करू शकत नाही’ असं डायरेक्टरनी लेखी द्यावं लागतं. आमचे डायरेक्टर तर इंजिनिअर पैशाला पासरी मिळतात असं मीटिंगमध्ये नेहमी म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“आणि ही गेली तर?”

“प्रोग्राम आज ना उद्या बंद पडेल, सर.”

“तिन्ही लॅबचा?”

“तिन्ही लॅबचा.”

त्यांनी सही केली. मग हे आधी का सांगितलं नाही, असं मलाच विचारलं. मी दरवर्षी सांगत होतो. पण सही झाली होती, म्हणून कागद उचलला आणि थेट अकाउंट्सला नेऊन दिला.

स्नेहाने ऐरोलीला नकार कळवला. पुढच्या महिन्यापासून ती स्टाफ नव्हती, कंत्राटदार होती. तिचं आयकार्ड जमा झालं. पहिल्याच सकाळी गेटवर वॉचमनने तिला अडवलं. तो इथल्याच गावचा, तिला रोज सलाम करणारा. बिचारा अवघडून म्हणाला, “मॅडम, तुमी आता एसी दुरुस्तीवाल्यांच्या रजिस्टरमदी सही करायची. तशी ऑर्डर हाय.”

तिने सही केली आणि हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे दुसऱ्या एका संस्थेने आमची ही पद्धत कशी चालते ते विचारलं. मी त्यांना सांगितलं, माणूस टिकवायचा असेल तर आधी त्याला यंत्रांच्या खात्यात टाका. तिथे देखभालीची सोय असते.