अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि दोन चिठ्ठ्या

बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, उचलायला साखळीची घोडी लागायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका बहारिनी गृहस्थाने अमेरिकेतून मागवलेलं जुनं रेसिंग इंजिन आमच्याकडे आणलं, तेव्हा त्याचा मोकळा ब्लॉक मी आणि आमच्या फोरमननी हातांनीच टेबलावर ठेवला. आकाराने ट्रकच्या इंजिनाएवढा, आठ सिलिंडरचा, आणि सगळा अ‍ॅल्युमिनियमचा. साठच्या दशकात शर्यतींसाठी असे मोजकेच ओतले होते, असं तो गृहस्थ सांगायचा. दुसरा मिळणार नाही, हेही तो रोज सांगायचा.

मी तेव्हा नागपूरच्या आयटीआयमधून आलेला टर्नर. वर्षही झालं नव्हतं. टूलबॉक्सच्या झाकणाला आतून बुद्धाचा छोटा फोटो आणि डोक्यात भरपूर हवा. फोरमन रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी वर्कशॉपला एक नियम लावला होता. कुठलंही महत्त्वाचं माप दोघांनी वेगवेगळं घ्यायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून दुमडायचा, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. फरक दिसला की दोघांनी पुन्हा मोजायचं. उघडलेल्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात जायच्या.

मी आल्यापासून काही महिन्यांत चाचांना मोतीबिंदूने घेरलं. माप घ्यायच्या गेजची सुई त्यांना दिसेनाशी झाली. चिठ्ठी लिहिण्याआधी ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "तुझा किती आला रे?" मी सांगायचो. ते तेच लिहायचे. व्हिसा रिन्यूअल तोंडावर आलं होतं आणि डोळे गेलेल्या फोरमनला कोण ठेवणार, ही त्यांची धास्ती मला दिसत होती. म्हाताऱ्याची अब्रू राखतोय, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर माझा आकडा कुणी तपासत नाही, याचीही मजा वाटायची.

अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. पिस्टन त्यावर थेट घासला तर ते टिकणार नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या भोकात लोखंडी नळी, म्हणजे लायनर, बसवलेला असतो. तो भोकापेक्षा केसभर मोठा घासायचा. मग ब्लॉक भट्टीत तापवायचा, लायनर बर्फात गार करायचा, आणि फुगलेल्या भोकात आकसलेला लायनर एका दमात सोडायचा. गार होताना ब्लॉक त्याला घट्ट कवटाळतो. आमची भट्टी म्हणजे बंद पडलेल्या बेकरीतून आणलेला पावाचा ओव्हन होता.

या इंजिनाचा एकच लायनर खराब होता. सकाळी ब्लॉक तापवून आम्ही तो काढला, जेवण झाल्यावर ब्लॉक एसीच्या खोलीत नेला, आणि मी भोक मोजलं. ब्लॉक अजून थोडा कोमट होता. लोखंडाच्या ब्लॉकला तेवढं मी खपवून घ्यायचो. पण अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. भोक मला मिलिमीटरच्या पाच शतांशांनी मोठं दिसलं. माझ्यामागून चाचांनी एक हात ब्लॉकवर टेकून भोकात गेज धरला, थोडा वेळ तसेच थांबले, आणि विचारलं, "तुझा किती आला रे?"

दुसऱ्या दिवशी त्या मापाने घासलेला लायनर सुरेख उतरला. आम्ही चहा घेतला. ब्लॉक गार होत आला तसा त्यातून बारीक "टिक" असा आवाज आला. दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीला बोटभर चीर गेली होती. कोमट भोकाच्या मापाने घासलेला लायनर गार भोकाला जास्तच जाड झाला होता.

आमचे अरबाब, वर्कशॉपचे मालक, स्वतः जुने मशिनिस्ट. त्यांनी आरडाओरडा केला नाही. डबा मागवला आणि महिन्या-महिन्यांच्या चिठ्ठ्या जोडीने टेबलावर मांडल्या. प्रत्येक जोडी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी होती.

"दो आदमी का माप हर बार एक?" ते म्हणाले. "ये तो एक ही आदमी मापता है."

चाचा पुढे झाले. "अरबाब, मेरे को सुई नहीं दिखता. मैं इसका देख के लिखता. गलती पकडना मेरा काम था, नहीं पकडा."

गलती कुणाची, हे मला एकट्याला ठाऊक होतं. माझा व्हिसाही नवा होता. मी मूग गिळून गप्प बसलो. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

अरबाबांनी चिठ्ठ्या गोळा करून डब्यात भरल्या. मग म्हणाले, "कल सलमानिया हॉस्पिटल जाओ, आँख दिखाओ. बाद में बात करेंगे." ती बात पुढे झालीच नाही. चाचांचं ऑपरेशन झालं, त्यांचा व्हिसा रिन्यू झाला. ज्या भीतीपोटी आम्ही दोघांनी तो खोटा खेळ मांडला होता, ती एका वाक्यात मिटण्याजोगी होती.

चाचा नव्या चष्म्यासह परत आले, तोवर बिघडलेला लायनर मशीनवर कातून काढला होता, चीर वेल्डिंगने भरून भोक पुन्हा साफ केलं होतं. माप तेवढं त्यांच्यासाठी थांबवलं होतं. खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी ब्लॉक गरम होता जी. गलती माझीच होती. तुमाले सांगाचं राहून गेलं."

"ठाऊक हाय," ते गेज पुसत म्हणाले. "माझ्या हाताला लागला होता कोमट."

"मंग बोलले काहून नाही?"

"दर बारी तुझाच आकडा लिवायचो रे मी. मग कुठल्या तोंडानं सांगू, तुझा चुकला म्हणून?"

चाळीस वर्षं इंजिनं हाताळलेला तो हात मी माझ्या दयेने मुका करून ठेवला होता.

त्यांनी तळहात ब्लॉकवर ठेवला, मग माझा मनगटाला धरून शेजारी ठेवला. ब्लॉक रात्रभर एसीत राहून गार पडला होता. मी मोजलं, लिहिलं, दुमडलं. त्यांनी मोजलं, आणि मला काहीही न विचारता लिहिलं.

चिठ्ठ्या उघडल्या. एका शतांशाचा फरक होता.

चाचांनी दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या आणि गेज माझ्या हातात दिला. "तू परत मोज," ते म्हणाले. "मी पण मोजतो."