दोन पाळ्यांचा ढब्बू

"घसरलंय!" म्हणत घड्याळजी ढब्बू पैसा परत माझ्या मोडीत टाकायचे.

भिंगारच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान होतं. तांब्या-पितळेच्या मोडीत राजाच्या छापाचे जुने ढब्बूही यायचे. समोरच्या दुकानातले हे घड्याळजी दुपारी डोळ्याला भिंग लावून ते एकेक तपासत. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असतात, मीही हसायचो. "राजाशी सोयरीक जुळवताय काय?" म्हटलं की भिंग न काढता म्हणायचे, "बघा की तुमीबी."

मग शिकवायचे. छापताना ठसा हलला की रेघेशेजारी चपटी पायरी दिसते, ते घसरलेलं. पण ठशावरच चित्र दोनदा उमटलं असेल, तर दोन्ही रेघा सारख्याच उठून दिसतात. त्याला ते 'जुळं' म्हणत. "जुळं एकलं नसतं. त्याच ठशाचं दुसरं कुटं तरी असतंच."

त्यांच्या बंडीच्या खिशात तसा एक ढब्बू होता. राजाच्या कानाला दोन पाळ्या. लहानपणी पुणतांब्याला वडिलांनी दोघा जुळ्या भावांना असा एकेक दिला होता. भाऊ दहाव्या वर्षी गोदावरीत वाहून गेला. ना प्रेत सापडलं, ना त्याच्याजवळचा ढब्बू. "त्याचा ढब्बू घावला की कळंल, त्यो हाय का न्हाई," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी थट्टा बंद केली.

एकदा भर दुपारी घड्याळजी दुकानात आले. एक ढब्बू गल्ल्यावर ठेवला, "मोडीत घ्या" म्हणाले आणि निघून गेले. ऐन उन्हाळ्यात फरशीवर ओली पावलं उमटली होती. ढब्बू उचलला, तर राजाच्या कानाला दोन पाळ्या! जिवापाड जपलेला पैसा मोडीत? मी तसाच रस्ता ओलांडून धावलो.

ते जागेवरच होते, समोर घड्याळ उघडून. "सकाळधरनं उठलो न्हाई मी," म्हणाले. बंडीतला ढब्बू काढून त्यांनी माझ्या हातातल्याशेजारी धरला. भिंग लावून दोन्ही पाहिले.

"जुळं."

मग हळूच विचारलं, "कुनीकडं गेला?"

मी नुसता एसटी स्टँडकडे हात केला. दोन्ही ढब्बू मुठीत घेऊन, दुकान उघडं टाकून, ते अनवाणीच पळाले.

ते परत आले नाहीत. त्यांचं भिंग माझ्याकडे आहे. त्यातून काही पाहायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. शेवटी पुणतांब्याच्या वाटेवरच्या श्रीरामपूर गाडीच्या कंडक्टरला त्यांच्याबद्दल विचारलं.

"बसले हुते की," तो म्हणाला.

"बरोबर कुणी होतं?"

"न्हाई, एकलेच. पन तिकिटं दोन घेतली."